गरम वाळूतली गिटार

५ जानेवारी १९७५, रविवार

ही वही गेल्या वर्षाची आहे. राबाउल शहरातल्या चिनी दुकानात या वर्षाच्या वह्या संपल्या होत्या आणि दुकानदार म्हणाला, तारखा त्याच असतात की. तारखा त्याच आहेत, पण वार एकेक घर मागे आहेत. हे घरी आल्यावर लक्षात आलं. आता रोज छापलेला वार खोडून खरा लिहावा लागणार. एखाद्या दिवशी विसरलो तर मी सगळ्या गावाच्या एक दिवस मागे राहीन.

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, अक्विला, तुम्ही काळजी फार करता, ती कागदावर उतरवा म्हणजे डोक्यात राहणार नाही. मी मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलो, आणि त्यातही अर्धा वेळ दो-रे-मीच्या सुरांचे धडेच असत. तरी प्रयत्न करतो. आजच्या काळज्या: उजवा गुडघा. तावुरवुर या जळत्या डोंगराचा धूर नेहमीपेक्षा जाड. रेडिओच्या बॅटऱ्या मंद. आणि भाचा इसिमेल.

इसिमेल धक्क्यावर बोटींचा माल उतरवतो आणि उरलेला सगळा वेळ गिटार वाजवतो. काल त्याने ठरवून टाकलं की त्याच्या बँडचा सराव माझ्या घरी होणार. चार गिटारी, दोन उकुलेली, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारी, आणि सात बाप्ये. बँडचं नाव 'गरम वाळू'. मी म्हटलं, नाव तरी देवाधर्माचं ठेवायचं होतं. तर म्हणतो, "मामा, तू रोज जिथे रानकोंबडीची अंडी खणतोस तीच वाळू. तुझाच मान आहे."

आमच्यात मामाच्या घरावर भाच्याचा हक्क असतो. नाही म्हणायची सोय नाही.

१९ जानेवारी, रविवार

सराव झाला की इसिमेल सगळ्या गिटारींच्या खुंट्या पिळून तारा सैल करतो. तसंच टांगून ठेवतो. गिटार अशी लोंबत्या तारांनी टांगलेली बघून मला अस्वस्थ वाटतं, जणू कोणी आजारी आहे.

कारण मला ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे. प्रत्येक बँडचा तारा लावायचा आपला मेळ असतो, आणि तो दुसऱ्याच्या हाती लागला की बँडची इज्जत गेली. खाडीपलीकडच्या गावात 'निळी होडी' नावाचा बँड आहे. त्यांचा म्होरक्या एलियाब नुसतं कान देऊन दुसऱ्याचा मेळ ओळखतो म्हणे. म्हणून इसिमेल तारा लावतानाही भिंतीकडे तोंड करतो. माझ्याकडेही पाठ. मी त्याच्या आईचा सख्खा भाऊ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

इसिमेलने नवा मेळ बसवला आहे. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण भिंत बांबूची आहे, आणि चाळीस वर्षं चर्चच्या गायकमंडळींना सूर शिकवलेत. कान बंद करता येत नाहीत.

सहा तारा, खालून वर: सो, दो, सो, दो, मी, ला.

शेवटचा तो ला. तिथे सो हवा. सो असता तर सगळं नीट बसलं असतं. ला ठेवल्यामुळे गिटार काहीतरी विचारते आहे आणि कोणी उत्तर देत नाही, असं वाटत राहतं. मला त्या ला-ने झोप लागली नाही. पण चांगला आहे, हेही लिहून ठेवतो.

नंतर मनात आलं, मी हे वहीत लिहिलं, वही कोणी वाचली तर? वही तांदळाच्या डब्यात ठेवतो आहे.

६ मार्च, गुरुवार

पहाटे होडीने डोंगराच्या पायथ्याच्या वाळूवर गेलो. जमीन छान तापली होती. दोन अंडी मिळाली, हातभर खोल. ती रानकोंबडी वाळूत अंडं पुरून निघून जाते आणि ते उबवायचं काम डोंगरावर सोडते. मला तिच्या बेफिकिरीचं नवल वाटतं.

एक अंडं नेहमीप्रमाणे दोर्कसबाईंच्या दाराशी ठेवलं. त्यांचं घर वाटेवर पडतं आणि दोन अंडी एकट्याला जास्त होतात. बाई विधवा आहेत, माहेर खाडीपलीकडे, नवऱ्यामागे इथेच राहिल्या. गायकमंडळींत पहिल्या रांगेत तिसऱ्या उभ्या राहतात, खालच्या पट्टीत गातात. काल पिवळा झंपर होता. दुसऱ्या गोताच्या आहेत, त्यामुळे मी दोन शब्द बोललो तरी कोणी नावं ठेवत नाही. तरी मी बोलत नाही. उगाच बोलून काही चुकीचं बोललो तर.

संध्याकाळी मुलांनी नवं गाणं म्हटलं. एक माणूस रोज सकाळी कोणाच्या तरी दाराशी अंडं ठेवून जातो, असं गाणं आहे. पुन्हा पुन्हा येतं ते असं:

अंडं ठेवून जातोस रे,
दार का नाही वाजवत?

चाल गोड आहे. पण मी इसिमेलला सांगितलं की गाण्यात दोन चुका आहेत. एक, अंडी सकाळी नाही, पहाटे काढतात. दुसरं, दाराशी उघडं अंडं कोणी ठेवत नाही, कुत्री खातात. मीसुद्धा करवंटीखाली झाकून ठेवतो.

सातही जण खाली बघून खुंट्या पुसत बसले. इसिमेल म्हणाला, "करवंटी घालतो, मामा. बरं झालं सांगितलंस." चांगली गोष्ट ऐकायची त्याला सवय आहे, एवढं खरं.

२३ एप्रिल, बुधवार

आज गायकमंडळी इतकी सुरात गायली की पाळकसाहेब बाहेर येऊन उभे राहिले. मी गळा मोकळा करायला नवा पाठ सुरू केला आहे, सहा सुरांचा, खालून वर. पाहिजे तसा कुठून सुचला कोणास ठाऊक, सकाळी चूल पेटवताना आपोआप तोंडात आला. सगळे दहा वेळा म्हणतात. शेवटचा सूर हवेत राहतो आणि मग भजनाला सुरुवात केली की सगळे त्यात धावत येऊन बसतात. दोर्कसबाई म्हणाल्या, "मास्तर, हा पाठ डोक्यातून जातच नाही." बाई उगाच कौतुक करत नाहीत.

बॅटऱ्या छपरावर उन्हात ठेवल्या. तासभर रेडिओ चालला. सामोआचं एक गाणं, ऑस्ट्रेलियातलं घोड्याचं एक, आणि मग चक्क आपल्या भाषेतलं. पूर्वी वर्षातून एकदा लागायचं, आता रोज एक तरी लागतं. मला आनंदाने घाम आला.

१४ जून, शनिवार

रेडिओवर सांगितलं: सप्टेंबरात देश ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र होणार, त्या आठवड्यात रोज आपल्याकडच्या बँडची गाणी लावणार. बावीस ऑगस्टला राबाउलच्या केंद्रात सगळ्यांचं ध्वनिमुद्रण. पाच गाणी निवडणार. अकरा बँडनी नावं दिली आहेत.

इसिमेलला शहरातल्या हॉटेलच्या विजेच्या गिटारवाल्या बँडने बोलावलं होतं. त्याने नाही म्हटलं. म्हणाला, तिथे दुसऱ्यांची गाणी वाजवायची. इथे एकदा माझं गाणं रेडिओवर लागू दे, मग मेलो तरी चालेल. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये. पण त्याचा चेहरा बघून कळलं की तो गंमत करत नव्हता. पाच वर्षं हा मुलगा पोती उचलून तारा विकत घेतो आहे. आता माझ्या काळज्यांच्या यादीत ही पहिली: त्याचं गाणं लागलं पाहिजे. डोंगर दुसरा.

१९ जुलै, शनिवार

शाळेच्या मैदानावर उत्सव होता. 'निळी होडी' आमच्या आधी उभी राहिली. एलियाबने पहिल्यांदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि मी जागच्या जागी थिजलो. सो, दो, सो, दो, मी, ला.

इसिमेल पांढरा पडला. आमची पाळी आली तेव्हा लोक कुजबुजत होते की आम्हीच त्यांची नक्कल केली. खाली उतरल्यावर एलियाब म्हणाला, "काय इसिमेल, तुमच्या वाळूत आमची अंडी सापडली वाटतं." मैदान हसलं.

घरी येऊन इसिमेलने गिटार खुंटीला टांगली. मग एवढंच म्हणाला, "आपल्यातलं कोणीतरी आहे."

२१ जुलै, सोमवार

खूप विचार केला. दोर्कसबाई एलियाबच्या सख्ख्या मावशी. दर शनिवारी होडीने बहिणीकडे जातात. सरावाच्या वेळी कुंपणाशी उभ्या असतात, मी पाहिलं आहे. मला वाटायचं, गाणं आवडतं म्हणून. आता सगळं उलगडलं. वाईट वाटलं, कारण आवाज फार चांगला आहे.

आजपासून अंडं ठेवणं बंद.

२९ जुलै, मंगळवार

आठ दिवस दोन्ही अंडी मीच खातो आहे. पोट बिघडलं.

३० जुलै, बुधवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण काळजी कागदावर उतरवायची असं ठरलं आहे.

आज गायकमंडळींना नेहमीप्रमाणे पाठ दिला. मग सगळे गेले, दोर्कसबाई थांबल्या. म्हणाल्या, "मास्तर, आठ दिवस माझ्या दाराशी नुसती करवंटी आहे. माझं काय चुकलं?"

मी सांगितलं. अडखळत, पण सगळं. मेळ चोरल्याचं, एलियाबला दिल्याचं.

त्या रागावल्या नाहीत. बाकावर बसल्या, पिशवीतून सुपारी काढली, फोडली, आणि म्हणाल्या, "मला गिटारीतलं काही कळत नाही. मला तुम्ही जे शिकवता तेवढंच येतं. बुधवारी तुम्ही जे म्हणायला लावता ते मी आठवडाभर भांडी घासताना म्हणते, शनिवारी बहिणीच्या चुलीपाशी म्हणते. एलियाब म्हणाला, मावशी, हे काय, परत म्हण. मी म्हटलं, आमच्या मास्तरांचा पाठ आहे. मला अभिमान वाटतो त्याचा."

आणि त्यांनी तिथेच बसून म्हणून दाखवलं. सो, दो, सो, दो, मी, ला.

चोर मीच. एप्रिलपासून दर बुधवारी आणि रविवारी, बत्तीस माणसांकडून, देवाच्या घरात, दहा दहा वेळा.

३१ जुलै, गुरुवार

इसिमेलला सांगितलं. मी म्हटलं, हवं तर मला गावासमोर उभं कर. त्याने समुद्राकडे तोंड फिरवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे. हसत होता.

"बत्तीस जण?" म्हणाला. "मामा, एक पत्रक तरी छापून वाटायचं होतंस."

पण नवा मेळ बसवायला आता वेळ नाही. गाणं याच मेळात जन्मलं आहे, दुसऱ्यात मरतं, असं म्हणाला. मुद्रणाला हेच घेऊन जाणार. लोक नक्कल म्हणतील तर म्हणोत.

पहाटे अंडं ठेवलं. दोन्ही ठेवली.

२० ऑगस्ट, बुधवार

परवा मुद्रण. इसिमेलला दोन दिवस बोटीवर काम आहे, उद्या संध्याकाळी येईल. चारही गिटारी माझ्यावर सोपवल्या. म्हणाला, "मामा, फक्त सांभाळ. काही करू नकोस."

दुपारपासून पाऊस आहे. ओल लाकडात शिरते आणि गिटार फुगते, हे मी ऐकलं आहे. शिवाय माझं दार नीट लागत नाही. एलियाबची पोरं येऊन काही केलं तर? तीन वेळा उठून मोजल्या. चार होत्या.

मग सुचलं. अंड्यांना आजवर ओल लागली नाही, आणि आमच्या जागेत दुसरा कोणी खणत नाही. पाऊस थांबल्यावर चटयांत गुंडाळून होडीतून नेल्या, उथळ खड्डा केला आणि गरम कोरड्या वाळूत पुरून ठेवल्या. वर खूण म्हणून काठी. वर्षभरात पहिल्यांदा मन शांत आहे. लवकर झोपतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहाटे जाऊन काढल्या. पहिली चटई उलगडली आणि गिटारीची पाठ माझ्या हातात आली. नुसती पाठ. केळीच्या सालासारखी सुटली. दुसरीची मान. तिसरीच्या बाजूच्या पट्ट्या उघडल्या होत्या. गिटार डिंकाने जोडलेली असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चौथी धड दिसत होती, उचलल्यावर तीही गेली.

तिथेच वाळूवर बसलो. पाच वर्षांची पोती आणि तारा मांडीवर घेऊन.

परत येताना दोर्कसबाईंचं घर लागलं. त्या अंगण झाडत होत्या. माझ्या होडीतले तुकडे पाहिले, खराटा टाकला आणि होडीत येऊन बसल्या. विचारलंही नाही. "खाडीपलीकडे चला," म्हणाल्या.

"एलियाब मला हाकलून देईल."

"तुम्हाला देईल. मला देऊन बघू दे."

एलियाब नारळ सोलत होता. मी सगळं सांगितलं, वाळूचंही. त्याच्या बँडमधले एकेक जण गोळा झाले आणि कोणी हसू आवरेना. एक म्हणाला, मास्तर, उबवायला ठेवल्या होत्या का? पिल्लं कधी निघणार? दुसरा म्हणाला, उकुलेली निघतील. मी मान खाली घालून उभा होतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो, पण काळजीत.

मग मी ते म्हणालो, जे वाटभर जुळवत आलो होतो. "एलियाब, मेळ तुझ्याकडे माझ्या तोंडून आला. तू चोरला नाहीस, मी सांडला. हे मी तुमच्या गावासमोरही सांगेन. पण त्या मेळात लागलेल्या गिटारी जगात आता फक्त तुझ्याकडे आहेत."

एलियाबचं हसू गेलं. "स्वतःच्या हाताने त्याला जिंकायला देऊ?"

दोर्कसबाई म्हणाल्या, "तो सूर मी तुला दिला, तेव्हा विचारलं होतंस का कोणाचा म्हणून? वाजवलास ना पाच आठवडे? आता त्याचं भाडं दे."

एलियाब मावशीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा मावशीकडे. आणि कोण जाणे का, त्याचा चेहरा हळूहळू पसरला. "ते करवंटीचं गाणं म्हणणार का तो?" मी हो म्हटलं. "मग देतो," म्हणाला. "पण एका अटीवर. दाराची ओळ आम्ही सगळे म्हणणार."

इसिमेल संध्याकाळी आला. मी तुकडे समोर ठेवले, मग एलियाबच्या गिटारी. त्याने एक उचलली, तारांवरून अंगठा फिरवला. एकही खुंटी पिळावी लागली नाही. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. असं लहानपणानंतर केलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

रेडिओ केंद्राच्या खोलीत भिंतीला वरपासून खालपर्यंत अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आहेत. आवाज घुमू नये म्हणून म्हणे. एवढे पुठ्ठे, आणि एकातही अंडं नाही.

दोन्ही बँड एका खोलीत, चौदा जण, एक माइक. असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मुद्रण करणारा म्हणाला, नक्की कोणाचं नाव लिहू? इसिमेल म्हणाला, दोन्ही. मी आणि दोर्कसबाई कोपऱ्यात स्टुलांवर. मला हलायची मनाई होती, कारण माझं स्टूल करकरत होतं.

शेवटच्या कडव्याला जमीन हलली. मोठी नाही, नेहमीची. दिवा झुलला, मुद्रण करणाऱ्याने टेबल धरलं. पोरं थांबली नाहीत. चौदा जणांनी 'दार का नाही वाजवत' म्हटलं आणि त्याच क्षणी खोलीचं दार चौकटीत खडखडलं, तीनदा, एकदम तालात. मग सगळं शांत.

मी म्हटलं, बिघडलं, पुन्हा घ्या. मुद्रण करणारा मान हलवून हसत होता. म्हणाला, असं पुन्हा कुठून आणू?

दोर्कसबाईंनी माझा हात धरला होता. भूकंपामुळे असणार. भूकंप थांबल्यावर सोडायचं त्या विसरल्या. मी आठवण करून दिली नाही, कारण तेव्हाही स्टूल करकरलं असतं.

८ सप्टेंबर, सोमवार

निवड कळवलेली नाही. गुडघा बरा. डोंगराकडे बघायचं राहूनच गेलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल देश स्वतंत्र झाला. एक झेंडा उतरला, एक चढला. मला वाटलं होतं काहीतरी मोठा आवाज होईल. सगळे शांत उभे होते आणि आमच्या गायकमंडळींनी गायलं. मी सहा सुरांनीच सुरुवात केली. आता लपवायचं काय.

आज संध्याकाळी अख्खं गाव माझ्या अंगणात, खाडीपलीकडचेही होड्या घेऊन आले. नव्या बॅटऱ्या एलियाबने आणल्या. चार गाणी लागली, एकही आमचं नाही. इसिमेल नखं खात होता, मी त्याची खायला निघालो होतो. मग निवेदक म्हणाला, हे शेवटचं, 'गरम वाळू' आणि 'निळी होडी'.

इसिमेल स्वतःचाच आवाज ऐकत तोंड उघडं टाकून बसला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. शेवटी दार खडखडलं, तीनदा, आणि अंगणात असा हशा उठला की रेडिओ बुडाला. सगळे माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेबसुद्धा.

मी इसिमेलला म्हटलं, करवंटी घातलीस, पण अजून चूक आहे. गाण्यात अंडं एक आहे. माणसाला मिळतात दोन, दुसऱ्याचं काय झालं ते गाण्यात कुठेच नाही.

हशा थांबला. दोर्कसबाई चटईवर माझ्या शेजारी होत्या. हळू म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "दुसरं तुम्ही एकटे खाता, अक्विला. सहा वर्षं."

मास्तर नाही म्हणाल्या. अक्विला म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मी ६ मार्चचं पान काढून वाचलं. मग ऑगस्टपर्यंत वाचलं. मग वही मिटली. गाण्यात एकही चूक नव्हती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

छापलेला वार खोडायचा विसरलो, आता खोडला.

पहाटे दोन अंडी मिळाली. करवंटी घेतली नाही. तिच्या दाराशी उभा राहिलो, गुडघा ठीक होता, दुसरं काही कारण सुचलं नाही.

वाजवलं. तीनदा.